कुंपणाबाहेरचा ओटा

कॉलनीच्या सचिवपदाचा मान मला कुणी दिला नव्हता. सगळ्यांनी अंग काढून घेतलं आणि मी उरलो. मेहकरच्या या कॉलनीत प्लॉट घेताना प्रत्येकाने एक अट मान्य केलेली होती: कुंपणाबाहेर वीटही ठेवायची नाही. गल्ल्या अरुंद, घंटागाडी जेमतेम वळते. तरी ज्याला त्याला घरासमोरचा हातभर रस्ता आपलाच वाटतो. मी एका वकिलांना जिना मागे घ्यायला लावला, एका ठेकेदाराची रस्त्यावरची बाग काढायला लावली. ठेकेदार तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हता आणि खरं सांगायचं तर मला त्याचं सुखच होतं.

मग आमच्या व्याह्यांनी ओटा बांधला.

व्याही, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतात. बियाण्या-खतांचं दुकान, कमी बोलणं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंगणात भरपूर जागा असताना त्यांनी नेमका फाटकाबाहेर, नालीवर, शहाबादी फरशीचा ओटा घातला, दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा. दुसऱ्याच दिवशी घंटागाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली आणि त्या गल्लीतले लोक कचऱ्याच्या बादल्यांसकट माझ्या दारात आले.

सभेत ठेकेदाराने अबोला सोडला. "सचिवसाहेब," तो म्हणाला, "नियम लोकाईसाठीच हाये का?" सगळे हसले. महिनाअखेर ओटा निघाला नाही तर नगरपालिकेत तक्रार करायची, असं ठरलं. नोटीस सचिवाने स्वतः नेऊन द्यायची, ही पद्धत मीच मोठ्या तोऱ्यात सुरू केली होती. आता ती माझ्याच गळ्यात आली.

घरी बायकोने भाकरी थापता थापता एवढंच सांगितलं, "पोरगी त्याईच्या घरात नांदून राह्यली, तुमच्या कॉलनीत नाही."

मी घाबरलो होतो. त्या घरात लेकीला कधी कुणी दुखावलं नव्हतं. पण सासरचा वारा फिरायला मोठं भांडण लागत नाही. चार दिवस कुणी सरळ बोललं नाही तरी पुरतं, आणि ते पोरीने मला कधी सांगितलंही नसतं.

त्यातून माझं त्या घरी जाणं आधीच अवघडलेलं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाही. मी उपासतापासांना हसतो, मुहूर्ताची टिंगल करतो, पण ही एक गोष्ट वडिलांकडून अंगात मुरली ती मुरलीच. बायको तिथे खुशाल चहा पिते. मी मात्र दोन वर्षं 'आत्ताच घेऊन आलो' म्हणत उंबऱ्यातून परतत होतो.

रविवारी सकाळी गेलो, तर व्याही त्या ओट्यावरच बसलेले. "बसा," म्हणाले. मी उभ्यानेच नोटीस पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली.

"म्हणजे हा ओटा माह्या घरात धरत नाही, असंच लिहेल हाये ना?"

मी हो म्हटलं. कुंपणाबाहेरची जागा सगळ्यांची, कुणा एकाच्या घराची नाही.

त्यांनी आत वळून हाक दिली, "बाई, पाणी आन तुह्या बाबाले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इवाई, तुमी दोन वर्सं माह्या दारातून तहानलेले जाऊन राह्यले. लेकीच्या घरचं पेत नाही, मान्य. पन हे तं घर नाही. तुमीच लिहून आनलं."

मी मटकन ओट्यावर बसलो. ओटा माझ्यासाठी होता. एवढे दिवस छातीवर ठेवलेला धोंडा एकदम उतरला आणि मला हसू फुटलं, मग डोळे भरून आले. व्याहीही हसत होते. घंटागाडीचं आपल्या ध्यानातच आलं नाही, उद्याच मिस्त्री लावून पाडतो, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पन मंग तुमी बसान कुठं?"

लेक तांब्या घेऊन फाटकात उभी होती. तिच्या तोंडावरून कळलं की ओट्याचं कारण तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि मी पिईन की नाही याची धाकधूकही होती. मी उठलो. फाटकातून आत गेलो, ओसरीवरच्या खुर्चीत बसलो आणि हात पुढे केला. वडिलांची आठवण आली, पण ती आड आली नाही. पाणी गार होतं. तांब्या रिकामा होईपर्यंत मी तो खाली ठेवला नाही.

"बाबा, अजून आणू?" तिने विचारलं.

"आण," मी म्हटलं.