लोरेटाने जपलेलं शून्य

लोरेटा विशनेव्स्कीला स्वतःच्या भाच्यांचे वाढदिवस आठवत नसत. पण बगळ्यांच्या कुठल्या फलंदाजाची सरासरी मिशी ठेवल्यावर वाढली, सासू मॅच बघायला आली की कुणाची घसरली, अंगावर सगळ्यात जास्त चेंडू कुणी खाल्ले आणि त्यातले पाठीवर किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगायची. बगळे म्हणजे आमच्या पोर्ट हॅलोरनची बेसबॉल टीम. टोपीवर एका पायावर उभा बगळा आहे, आणि टीमही कित्येक मोसम तळाशी तशीच उभी आहे. हलायचं नाव नाही.

दिवसा लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मॅकरोनी वाढायची. मॅच असली की डाव्या कुंपणाला लागून पहिलं बाक तिचं. शेजारी अर्ल पट्नम, निवृत्त पोस्टमन. दोघांनी लग्न तेवढं केलं नाही, भांडणं मात्र सगळी नवराबायकोची.

तिच्या आकड्यांचा राजा होता एक शून्य. लायल हॉफ्नरचं. लायल हा ऐंशीच्या दशकातला आमचा हडकुळा खेळाडू. नऊ मोसम खेळला, अडीच हजारांवर वेळा बॅट घेऊन उभा राहिला, पण होमरन एकही नाही. चेंडू कुंपणापलीकडे धाडायचा, मग चारही बेसना रमतगमत फेरी मारायची, लोकांना टोपी हलवून दाखवायची, हे सुख त्या माणसाच्या वाट्याला एकदाही आलं नाही.

"चुकून तरी एखादा जातोच गं," अर्ल म्हणायचा. "माझ्या आत्यानंसुद्धा मारला असता."

"तेच सांगतेय! चुकूनसुद्धा नाही! होमरन काय, कुणीही सोम्यागोम्या मारतो. नऊ वर्षं एकदाही मारायचा नाही, त्याला लायल लागतो!"

यंदा बगळे इतके हरले की नव्यांना बघायला कुणी फिरकेना. मग मालकांनी जुने बाहेर काढले. ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी 'जुन्या बगळ्यांचा दिवस' जाहीर झाला. साठीचे बगळे विरुद्ध तलावापलीकडच्या गावातले साठीचे, गमतीची मॅच. लायल येणार म्हटल्यावर लोरेटाचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने पलंगाची पांढरी चादर काढली, त्यावर लाल कापडाचं भलंमोठं शून्य शिवलं आणि मॅचच्या दिवशी ते कुंपणावर टांगलं.

मॅचआधी जुने खेळाडू सह्या देत कुंपणाकडेने फिरत होते. लायल मिशिगनात बॉयलर विकतो म्हणे, पण अंगावर मूठभर मांसही चढलेलं नाही. तो समोर आला तशी लोरेटाने सहीसाठी आपली टोपी पुढे केली. म्हणाली, "मिस्टर हॉफ्नर, तुमचं शून्य मी जिवापाड जपलंय!"

लायलने चादरीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू उतरलं. टोपीवर सही केली, दोन पावलं पुढे गेला आणि परत आला.

"मॅडम, राग मानू नका. पण मला एक मारायचा होता हो. एकच. अजून स्वप्नात येतो."

"स्वप्नात तरी मारता ना?"

"छे! तिथंही कुंपणाला आपटून परत येतो."

तो स्वतःच हसला आणि निघून गेला. लोरेटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या शून्यावर ती इतकी वर्षं टाळ्या पिटत होती, ते या माणसाच्या पायातला काटा होतं. तिने चादर उतरवली, घडी घातली आणि तिच्यावरच बसली.

"काय झालं? शून्य आटलं?" अर्लने विचारलं.

"गप बस आणि शेंगा खा."

मॅच सुरू झाली. पलीकडचा पिचर म्हणजे एक गलेलठ्ठ आजोबा. त्यांचा चेंडू इतका सावकाश यायचा की वाटेत कुणी त्याला पत्ता विचारावा. लायल बॅट घेऊन उभा राहिला. दोन चेंडू हवेत बॅट फिरवून घालवले. तिसरा मात्र असा बसला की आवाजावरूनच सगळं मैदान उठून उभं राहिलं.

चेंडू वर चढला, डावीकडे आला, थेट लोरेटाच्या रोखाने. पण दुपारी तलावावरून वारा सुटतो आणि आमच्या गावात भल्याभल्यांचे फटके त्याने खाली पाडलेत. लोरेटाला क्षणात कळलं, हा कुंपणाच्या माथ्यावर आपटणार आणि परत जाणार. स्वप्नातल्यासारखाच.

मैदानावरच्या चेंडूला प्रेक्षकाने हात लावायचा नाही, लावला तर तो होमरन धरत नाहीत; कुणी कुंपणावरून नुसतं वाकलं तरी 'हाकला त्याला!' म्हणून आजवर तीच बोंब मारायची. तीच लोरेटा उठली, पोट कुंपणावर टाकलं, अर्लने मागून तिचा पट्टा धरला आणि तिने मैदानावरचा चेंडू दोन्ही हातांनी झेलून आत ओढला.

सगळीकडे एकच गलका! अंपायर धापा टाकत आले. लायल सवयीने दुसऱ्या बेसवर थांबून बघत राहिला.

"बाई, कुठं धरलात? मैदानात की बाकांकडे?"

"माझ्या मांडीवर. आपणहून येऊन पडला बिचारा."

अंपायरनी जवळच उभ्या असलेल्या पलीकडच्या खेळाडूला विचारलं. तो गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, "मला नका विचारू. माझा चष्मा गाडीत आहे."

"आणि तुम्ही?"

"साहेब, जन्मभर टपाल वाटलंय मी," अर्ल म्हणाला. "ज्याचं त्याला पोचलंय."

अंपायरनी लोरेटाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि बोट वर करून गोल फिरवलं. होमरन!

"जा, लायल, जा!" सगळे बगळे ओरडले. आता सावकाश फेरी मारायची, टोपी हलवायची. पण ते लायलला कुठे ठाऊक? त्याला वाटलं, चेंडू मागून येतोय. मान खाली घालून तो जिवाच्या आकांताने पळत सुटला. तिसरा बेस ओलांडला आणि शेवटच्या बेसपाशी त्याने धुळीत चक्क लोळण घेत घसरगुंडी मारली. बाद करायला समोर चिटपाखरू नव्हतं. लोक हसून हसून बाकांवरून पडायचे बाकी राहिले. मग लायललाही उमगलं आणि तो उताणा पडल्या पडल्या पाय झाडत हसायला लागला.

लोरेटा एकाच वेळी हसत होती आणि ढसाढसा रडत होती.

"रडतेस कशाला?" अर्ल म्हणाला. "असल्या गमतीच्या मॅचचा होमरन कुणी हिशेबात धरत नाही. तुझं शून्य शाबूत आहे."

"धरत नाही म्हणजे?" लोरेटाने चादरीला नाक पुसलं. "एक झालाय त्याचा. एक! इथून पुढं कुणी शून्य म्हणालं ना, तर गाठ माझ्याशी आहे."