कॅरिअर काढलेली सायकल

मंडळी, आज दुपारी हिंगोलीहून माउंटन बाईक आणली. दुकानदार म्हणाला, "काका, कॅरिअर नका लावू, उगाच वजन वाढतं." मला पटलं.

घरी धाकटी बहीण आलेली. सायकल बघून म्हणाली, "काहून दादा, हिला बी कॅरिअर न्हाई?"

मी सायकल भिंतीला टेकवली.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. ती माझ्या कॅरिअरवर बसून कळमनुरीच्या शाळेत यायची. पोरं हसायची म्हणून मी कॅरिअर काढून कडब्यात लपवलं. घरी सांगितलं, तुटलं. एकट्या पोरीला एवढं लांब पायी कसं धाडायचं, म्हणून आमच्या वडिलांनी, बापूंनी, तिची शाळाच बंद केली.

कॅरिअर परत बसवणं चार नटांचं काम होतं, पाना घरातच होता. मी हलक्या सायकलीवर एकटाच शाळेत जात राहिलो.

ते तुटलं नव्हतं, हे तिला अजून माहीत नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू?