मी दिलेली माफी

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझा नवरा शेवटपर्यंत समजत होता. हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नाही. आज तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

आधी तुळशीरामजींबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल बोलायला मला अजून आवडतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी गोळीबार चौकाजवळ दवाखाना टाकला आणि सरकारी विमा योजनेत नाव लावलं. मिलच्या कामगाराने आपल्या पसंतीचा डॉक्टर निवडायचा, त्याच्या यादीत नाव घालायचं. सरकार त्या डॉक्टरला माणशी वर्षाचे ठरावीक पैसे देणार – तपासणी त्यातच, साधी औषधंही त्यातच. पण बाईच्या हाती नाडी कोण देणार? पहिले दोन महिने बाकावर मी आणि माझे म्हातारे कंपाउंडर, दोघंच.

मग तुळशीरामजी आले. उमरेडला त्यांच्या घरी हातमाग होता, त्याचा धंदा बसला तसे मिलमध्ये लागलेले. आत येताना त्यांनी दाराच्या पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"बाई, हे दोन धुण्यात जाईन," म्हणाले. आणि मग नाडीसाठी हात पुढे केला.

पुढच्या आठवड्यात ते आपल्या खात्यातली माणसं घेऊन आले. "बाईचा हात हलका हाय" – एवढंच ते सगळ्यांना सांगत. वर्षभरात माझी यादी भरली. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी बाळासाठी टोपडं आणलं, कापड स्वतः विणलेलं. आणि पडदा खरंच दोन धुण्यांत गेला.

त्यांना दमा होता. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचे, मग आठवड्याला, मग दिवसाआड. इंजेक्शन घेऊन श्वास बसेपर्यंत बाकावर टेकायचे आणि जरा बरं वाटलं की शेजारच्या बाईच्या लुगड्याचं सूत कुठलं ते ओळखून दाखवायचे. अगदी हळू बोलत. दम नव्हता म्हणून नव्हे, स्वभावच तसा.

पैसे मात्र तेच. माणूस वर्षातून एकदा येवो की रोज येवो. औषधांचे भाव चढत गेले, सरकारचा दर जागचा हलेना, आणि तोही महिनोन्‌महिने उशिरा हाती यायचा. आम्ही डॉक्टरांनी अर्ज केले, भेटी घेतल्या. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने धरमपेठेत दवाखान्यावर मजला चढवला तेव्हा मी कंपाउंडरांच्या पगारासाठी बांगड्या मोडल्या होत्या. हे सगळं खरं आहे. पण यादीतल्या कितीतरी जणांचं मी वर्षात तोंडही पाहत नव्हते, आणि त्यांचे पैसे येतच होते – हे माझ्या ध्यानात आलं नाही? की मी येऊ दिलं नाही?

सारखा येणारा, खर्चाचा पेशंट यादीतून काढता येतो, हे मला एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं. एक अर्ज भरायचा. त्यात कारण द्यावं लागे. "औषधाला फार खर्च येतो" हे कारण चालत नव्हतं. चालणारं एक होतं – वागणूक.

मी लिहिलं... थांबा, जसं लिहिलं तसंच सांगते. "हा रुग्ण दवाखान्यात अरेरावी करतो व शिवीगाळ करतो." इंग्रजीत लिहिलं. दुपारी, चहा पिता पिता.

तुळशीरामजींना मी म्हणाले, "ऑफिसनं तुमचं नाव दुसरीकडे टाकलं हो. माझ्या हातात काही नाही."

दुसरे डॉक्टर रेल्वेपुलाच्या पलीकडे होते. कंपाउंडर एकदा म्हणाले, "तुळशीराम पूल चढता चढता तीनदा बसून राहते." मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पण तुळशीरामजी गप्प बसणारे नव्हते. रजा टाकून ऑफिसात गेले. आपल्या बाईंकडे परत नाव लावून द्या म्हणून हटून बसले. कारकुनाने कागद काढला आणि चार लोकांसमोर त्याचा अर्थ सांगितला.

हे मला कसं कळलं? त्यांनीच सांगितलं. तीन-चार दिवसांनी दवाखान्यात आले. बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

"बाई, चार दिवसांपासून आठवून राहिलो. मले काही आठवत नाही. पण तुमी लिवलं म्हंजे माह्या तोंडून वंगाळ गेलंच असंन. दम लागला का मानसाले भान राहत नाही. माफी करा."

त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला. आणि मी? "मी खोटं लिहिलं" – तीन शब्द. बाहेर बाकावर कुणीही नव्हतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या. मी मनात ठेवलं नाही."

माफ केलं त्यांना. समजलं ना तुम्हाला? मी त्यांना माफ केलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. नाव परत घ्याल का, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, आता ते ऑफिसच्या हातात आहे.

त्यानंतरही दसऱ्याला सोनं द्यायला ते न चुकता यायचे. बाकावर कुणी मोठ्याने बोललं तर त्याला दटावायचे, "बाईसमोर सबुरीनं बोल गा. मी एकदा चुकलो हावो."

ते गेल्याचं मला महिन्याभराने कळलं. खापरखेड्याला दिलेली त्यांची मुलगी सांगायला आली. चहा घेतला, बापाच्या आठवणी काढल्या. मग म्हणाली, "बाबा सांगत, माह्या जिभेले हाड नव्हतं, बाईनं सांभाळून घेतलं. आमाले त ते घरी कधी रागे भरले नाही. बाहेर तापट होते का हो, बाई?"

मी म्हणाले, "थोडे होते. पण मनाचे चांगले."

ती रडली, माझ्या पाया पडली आणि बस गाठायला गेली.

तुळशीरामजी मला कधी उलट बोलले नाहीत. कुणालाच नाही.