उताराची काठी

मेडशीच्या माणिकरावांनी गोव्याच्या सहलीचे शेवटचे पत्रक छापले, तेव्हा त्यावर अकरा ठिकाणे होती. आधीच्या पाच वर्षांत ती दहाच असत: जुने गोवे, मंगेशी, शांतादुर्गा, पणजीची होडी, दोना पावला, काजूचा बाजार अशी, आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत समुद्रस्नान. सहाव्या वर्षी मालेगावच्या एका नव्या सहलवाल्याने दहा ठिकाणे जाहीर केली, म्हणून माणिकरावांनी किल्ल्यावरचा सूर्योदय वाढवला. त्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा अजून त्यांच्या घरी फळीवर पडून आहे. सून त्यातले एकेक पान काढून डब्यांच्या तळाशी अंथरते. छापील बाजू खाली आहे ना, एवढे मात्र ती न चुकता पाहते.

माणिकराव एसटीचे निवृत्त वाहक. अकोला ते वाशिम या रस्त्यावर त्यांनी एकतीस वर्षे तिकिटे फाडली, आणि घरी बसल्यावर चार महिन्यांतच त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला माणसे मोजल्याशिवाय करमत नाही. सोयाबीन विकून झालेले आणि तूर घरात आलेली, अशा दिवसांत लोकांच्या हाती थोडी सवड असते. ती हेरून त्यांनी खासगी बस ठरवली आणि गावाला समुद्र दाखवायचे मनावर घेतले. बौद्धवाड्यातली आणि वरच्या आळीतली माणसे एका बसमध्ये, एका पंगतीला बसलेली त्या गावाने प्रथम पाहिली ती या सहलीत. हे श्रेय माणिकरावांचे होते, आणि त्यांना त्याची जाणीव होती. बसच्या दारात उभे राहून ते थांबे पुकारावेत तशी ठिकाणे पुकारत. माहिती त्यांनी चालकांच्या तोंडून गोळा केलेली. पण सांगण्यात असा ठामपणा असे, की सोबतचे शिक्षकही प्रश्न विचारायला धजत नसत. पहिल्या वर्षी बबनराव पाटील किनाऱ्यावर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले होते, "येवढं पानी, अन् हरभऱ्याले भिजवाले थेंबाचा उपेग नाई." ते वाक्य पुढे प्रत्येक सहलीत कोणी ना कोणी म्हणतच असे.

समुद्रस्नानाची जागा माणिकरावांनीच हेरली होती. गजबजलेल्या किनाऱ्यापासून दूर, एक नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी. तिथे गर्दी नव्हती, आणि शिट्ट्या वाजवणारे रक्षकही नव्हते. त्यांची उणीव माणिकरावांना भासली नाही, कारण पाण्याची राखण ही त्यांच्या घराण्याची विद्या होती. त्यांचे आजोबा गावकीच्या कामांपैकी एक काम करीत: पावसाळ्यात नदीचा उतार दाखवणे. पहाटे पाण्यात शिरायचे, कमरेइतके पाणी लागेल तिथे काठी रोवायची, आणि मग दिवसभर वाटसरूंनी काठीच्या अलीकडून नदी ओलांडायची. वर पाऊस झाला नाही तर पहाटेची काठी संध्याकाळपर्यंत खरी असे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी गावकीची सगळी कामे टाकली. मेलेले ढोर ओढायचे नाही, दवंडी द्यायची नाही. पण उताराची काठी तेवढी त्यांनी ठेवली. ते म्हणत, हे काम कोणी लादलेले नाही, हे आपल्याला येते.

नातवाने ती काठी गोव्याला नेली. दोन पुरुष उंचीचा बांबू, शेंड्याला तांबडे कापड. बसच्या टपावर बांधून तो दरवर्षी जाई. माणिकराव उजाडण्यापूर्वी एकटे पाण्यात शिरत, कमरेइतक्या पाण्यात बांबू रोवत, आणि सात वाजता लोकांना घेऊन येत. पाच वर्षांत कोणाचे बोटही दुखावले नव्हते.

सहाव्या वर्षाचे पत्रक ग्रामपंचायतीच्या संगणकावर वर्षाराणीने जुळवून दिले. ती समोरच्या आळीतल्या सोजरबाईंची मुलगी, तेवीस वर्षांची, बापाविना वाढलेली. ग्रामपंचायतीत दाखले काढून द्यायचे काम करी. रांगेत घुसणाऱ्या सरपंचाच्या मेव्हण्यालाही तिने एकदा मागे उभे केले होते. पत्रकाच्या तळाशी तिने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली: काठीच्या पुढे कोणीही जाऊ नये. जुळवणीच्या मोबदल्यात माणिकरावांनी तिला एक जागा देऊ केली, तेव्हा सोजरबाई तयार नव्हत्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि जे आपण पाहिले नाही तिथे लेकीला पाठवायला त्यांचे मन घेईना. शेवटी माणिकराव त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"सोजरबाई, एकतीस वर्सं मानसं मोजली मी. माह्या मोजनीत येक डोस्कं कमी भरलं, त मले इचारजा."

सहल माघी पौर्णिमेला होती. तो दिवस माणिकरावांनी मुद्दाम निवडलेला. वंदना घेऊन शुभ दिवशी पाण्यात उतरावे, एवढाच हेतू. पहाटे त्यांनी नेहमीप्रमाणे बांबू रोवला. तांबडे कापड डोक्याच्या कितीतरी वर फडफडत होते. मग, नव्याने वाढवलेल्या ठिकाणासाठी, सगळ्यांना किल्ल्यावर नेले. सूर्योदय पाहून झाला, छायाचित्रे झाली, पोहे झाले. बस किनाऱ्याला लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. माणिकरावांनी चपला एका ओळीत ठेवायला सांगितल्या, कारण चपला मोजल्या की माणसे मोजली जातात. बेचाळीस जोड भरले. मग त्यांनी पाण्याकडे पाहिले. तांबडे कापड पाण्याला टेकले होते. बांबू रेतीत धसला असावा, असे त्यांनी मनाशी म्हटले, आणि हात वर करून सांगितले, "काठीच्या समोर जायाचं नाई. अलीकडे खुशाल उतरा."

वर्षाराणी काठीच्या अलीकडेच होती. ललिताबाई नावाच्या अंगणवाडी सेविकेने काठावरून तिचा फोटो काढला. फोन खाली करून तिने पुन्हा पाहिले तेव्हा लाट आली होती आणि वर्षाराणी जागेवर नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास नदीच्या पलीकडच्या काठावर मासेमारांना ती सापडली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने माणिकरावांना विचारले, की पुनवेच्या भरतीला या तोंडाशी कोण उतरतो. दिवस नाही का पाहिला. दिवस तर त्यांनी पाहिला होता. भरती हा शब्दही त्यांनी शाळेत ऐकलेला होता. पण ती पाच-सहा तासांत माणसाच्या उंचीइतके पाणी आणून ठेवते, हे ज्ञान त्यांना त्या म्हाताऱ्याच्या तोंडून मिळाले.

पोलिसांनी विचारले, सूचना दिली होती का. माणिकराव म्हणाले, दिली होती, काठीच्या पुढे जाऊ नका म्हणून. लिहिणाऱ्याने पुढचे वाक्य स्वतःच पुरे केले: सूचना देऊनही मर्यादेपलीकडे गेल्याने. कागद वाचून दाखवला गेला. माणिकरावांनी सही केली. ते खोटे बोलले नव्हते. त्यांनी एक वाक्य दुरुस्त केले नव्हते, एवढेच.

ते वाक्य मात्र त्यांच्या आधी गावात पोचले. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बबनरावांनी ते उचलले. फोटोच्या नादाने पोरगी पुढे गेली, म्हाताऱ्याने घसा फोडला तरी ऐकले नाही, अशी त्याची कथा झाली. पुढे कथाही गळून पडली आणि नुसते नाव राहिले, तेही तोडलेले: वर्षी. एखादी मुलगी वाशिमला कॉलेजच्या सहलीचे नाव काढू लागली की घरचे म्हणत, वर्षी व्हायचे आहे का. ज्या मुलीने जन्मात कोणती ओळ मोडली नव्हती, तिचे नाव ओळ मोडणाऱ्यांसाठी पडले. माणिकरावांना लोक उलट जपू लागले. भल्या माणसाच्या वाट्याला काय आले, असे त्यांच्या देखत म्हणू लागले. ते मान खाली घालून ऐकत, आणि त्या मान खाली घालण्याचाही लोक चांगलाच अर्थ लावीत.

वर्ष असे गेले. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, सकाळी, सोजरबाई त्यांच्या दारात आल्या. पदराखाली भिंतीवरचा फोटो होता. ललिताबाईने काढलेला तोच. वाशिमच्या एका फोटोवाल्याने मोठा करून चौकटीत घातलेला. वर्षभर त्यावर प्लास्टिकच्या फुलांचा हार होता. हार बदलायला काढला तेव्हा त्यांनी फोटो प्रथमच अख्खा पाहिला होता. त्यांनी तो माणिकरावांच्या मांडीवर ठेवला आणि एका जागी बोट टेकवले.

"हे तांबडं काय हाये, माणिकभाऊ?"

"काठी."

"मले लिवता-वाचता येत नाई. पन पोरगी काठाकडे तोंड करून उभी हाये, अन् काठी तिच्या मांग हाये. मंग थे काठीच्या समोर गेली कवा?"

माणिकराव फोटोकडे पाहत राहिले. सोजरबाईंना काठीची जागा दिसली होती. त्यांना स्वतःला काठीची उंची दिसत होती: पाण्यावर हातभर बांबू आणि ओले कापड. आत सुनेने भांडे ठेवल्याचा आवाज झाला आणि थांबला. या वेळीही एक वाक्य त्यांच्यासाठी तयार होते. फोटोनंतर ती पुढे गेली, एवढे म्हटले की पुरे होते. विचारणारे दुसरे कोणी नव्हते.

"तुमीच म्हनलं होतं, इचारजा," सोजरबाई म्हणाल्या.

"गेली नाई," माणिकराव म्हणाले. "अलीकडेच होती."

मग त्यांनी सांगायला घेतले, आणि सांगणे त्यांना वाटले त्याहून कठीण गेले, कारण समोरच्या बाईला नदी ठाऊक होती. पाऊस नाही, वरून धरण सोडलेले नाही, तरी पाणी कसे वाढते, हे तिला पटेना. त्यांनी पौर्णिमेचे सांगितले. पहाटेची कंबर अकरा वाजता डोक्यावरून जाते, हे ओट्याच्या पायऱ्यांवर हात ठेवून दाखवले. दिवसाला दोनदा, म्हणाले. सोजरबाईंनी मध्ये एकदाच विचारले, की सहा वर्षांत हे त्यांना कोणी सांगितले नाही का.

"मी इचारलं नाई कोनाले. सांजच्या पारी रेती ओली दिसे, वरतपर्यंत. इचारलं असतं त लोक म्हनले असते, याले काहीच ठाव नाई. मी जानकार होतो ना." मग त्यांनी उरलेलेही सांगून टाकले. "अन् त्या दिवशी कापड खाली आलेलं पाह्यलं होतं मी. वाटलं, बांबू धसला."

सोजरबाईंनी फोटो उचलला. त्या रडल्या नाहीत. शिव्याशाप दिले नाहीत. माणिकरावांनी त्या दोन्हींची तयारी ठेवली होती. पुढे जे आले त्याची नव्हती.

"मले कायले सांगतं," त्या म्हणाल्या. वीस वर्षे ज्याला 'तुमी' म्हटले त्याला त्या आता 'तू' म्हणत होत्या. "मले माही पोरगी ठाव होती. फाट्यावर सांग. जिथं थे वर्षी झाली, तिथं सांग."

माणिकराव दुपारी फाट्यावर गेले. अकोल्याची बस यायची होती; टपरीच्या बाकावर बबनराव आणि आठदहा माणसे होती. वाहकाच्या सवयीने ते दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळे क्रमाने सांगितले: काठी, पौर्णिमा, कापड, पोलिसांचा कागद. आवाज बसमध्ये असे तसाच ठाम होता. मग बबनरावांनी उठून त्यांना खांद्याला धरून बाकावर बसवले आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

"माणिकराव, वरीस झालं आता. तुमी काहून अंगावर घेऊन राह्यले? मायच्या समाधानासाठी बोलून राह्यले तुमी, आमाले समजत नाई का."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. असा माणूस आता मिळायचा नाही, असे एक जण म्हणाला. बस आली, आणि निम्मे लोक तीत चढून गेले. चहा निवला.

परत येताना माणिकराव सोजरबाईंच्या ओट्यापाशी थांबले. फोटो भिंतीवर लागला होता. उद्याचा नवा हार बाईंनी आजच घातला होता. पण पूर्वीसारखा मधोमध नव्हे, एका कोपऱ्यावरून, तांबडे कापड मोकळे राहील असा.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हने?"

"मानत नाईत. म्हनते, मी भला मानूस हावो."

सोजरबाई सुपातली तूर पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग उद्या पुना सांगजो."

त्याला आता आठ महिने झाले. अकोल्याच्या दुपारच्या बसची वेळ झाली की माणिकराव फाट्यावर येतात. पहिल्या पंधरवड्यात लोक त्यांना बसवून चहा पाजत. नंतर म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असे ठरले, आणि ते आले की बाक रिकामे होऊ लागले. ते मग बसची वाट पाहणाऱ्या परगावच्या माणसांना सांगतात. बस निघाली की घरी परततात, आणि वाटेत त्या ओट्यासमोर क्षणभर थांबतात. सोजरबाई आता काही विचारत नाहीत. मान वर करून पाहतात, आणि पुन्हा सुपाकडे वळतात.