कान माझा, तपासणी पप्पांची

आमच्या शाळेत बेसबॉल आला तो साध्या हिशेबाने. क्रीडाशिक्षकांचं म्हणणं, क्रिकेटला गल्लोगल्ली पोरं आहेत, बेसबॉलला कुत्रं विचारत नाही, म्हणजे मैदानात नुसतं उभं राहिलं तरी राज्य पातळी. नियम ते आदल्या दिवशी मोबाइलवर बघून शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हा मुलींना शिकवायचे. मी पहिल्या बेसवर उभी होते. चेंडू माझ्याकडे फेकला गेला आणि मी नेमकी पळत येणाऱ्या मुलीकडे बघत राहिले. बसला तो सरळ डाव्या कानावर. आधी सूं झालं, मग त्या बाजूचं जगच बंद पडलं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा फाटलाय. बहुतेक आपोआप भरून येईल, पण कानात तेलापाण्याचा थेंब जाता कामा नये. महिना-दीड महिन्याने ऐकण्याची तपासणी करू. खेळ गेला चुलीत, एका कानावर जन्म काढावा लागणार की काय, या धास्तीने मला रात्रंदिवस रडू यायचं.

त्यात गुजरातेतल्या भेस्तानची आमची गल्ली सगळी खानदेशी. आमच्यात कान दुखला की लसूण कडवलेलं तेल कानात सोडायचं, यावर दुमत नसतं. मम्मी रोज कोमट वाटी घेऊन हजर. "तेल टाकाबिगर कान कसा बरा व्हई?" हा तिचा प्रश्न. शेजारणी तिच्याच बाजूच्या. क्रिकेटचा चेंडू लागला असता तर गोष्ट वेगळी, पण असल्या परक्या खेळाच्या मारावर डॉक्टरला तरी काय कळणार, असं एकीचं मत होतं. मी डावा कान भिंतीकडे करून झोपायचे. अंघोळीला डोक्यावर साडीची प्लास्टिकची पिशवी बांधायचे. शेवटी कडवलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून मम्मीने ते माझ्या तळपायांना चोळलं. मग बरेच दिवस घरात माझ्या पायांना फोडणीचा वास येत होता.

तपासणीला पप्पा आले. ते जवळच्या सचिन गावात लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर, माझ्या जन्माच्या आधीपासून. लूमच्या खडखडाटात कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात, आणि पप्पा घरीही निम्मं तसंच बोलायचे.

तपासणीच्या बंद खोलीत एका गुजराती ताईंनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. उजवा कान झाला, मग डावा. मी जीव मुठीत धरून बसले, आणि टिक् आला. बारीक, लांबून, पण आला. मी बटण असं दाबलं की ताई म्हणाल्या, हळू, तुटेल. पडदा भरून आला होता. मला तिथेच हसू आणि रडू एकदम आलं.

पप्पांना मात्र शंका. पोरगी खेळायला मिळावं म्हणून उगीच बटण दाबत असेल. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि ताईंना आवाज सोडायला सांगितलं. ताईंनी सोडला. पप्पा छताकडे बघत बसले. ताईंनी वाढवला. माझ्या दिशेने वळून ते म्हणाले, "पोरी, हाई मशीन बंद शे."

 ताई आवाज अजून वाढवत गेल्या. हेडफोनमधून बाहेर सांडलेली शिट्टी मला माझ्या नव्या कानाने ऐकू येत होती. पप्पा अजून वाट बघत होते.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, तुझा पडदा फाटला होता, तो भरला. यांचं लूमच्या आवाजाने जे नेलंय ते परत येत नाही. पप्पांनी मान डोलावली, पण त्यातलं त्यांना किती पोचलं कोण जाणे. मला त्यांचा इतका कळवळा आला की माझा बरा झालेला कान त्यांना द्यावासा वाटला.

परतताना आम्ही शटल रिक्षात दाटीवाटीने बसलो. पप्पा माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "कोनले सांगू नको. शेठले कळनं तर काम जाई."

नाही सांगणार, मी म्हटलं.

"काय?" त्यांनी विचारलं.

मग मी मोठ्याने सांगितलं, आणि रिक्षातल्या सगळ्यांनी ऐकलं.