सायमाची बाटली मी हलवली

मंडळी, मोशीच्या एका कॉलेजात मी रसायनाच्या लॅबमध्ये काचसामान धुतो. शिक्षण सातवी.

तिथं संशोधन करणारी सायमा निकेलचं एक संयुग बनवते. त्याचा एक चांगला स्फटिक मिळाला, की एक्स-रेने त्याची आतली रचना कळते. बहिणीच्या लग्नाला जाताना म्हणाली, "काका, बाटलीवर लक्ष ठेवा, पण हात लावू नका. हलली तर स्फटिक वाढणार नाही. तुम्ही कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघता, म्हणून सांगते!"

बाहेर चाकणकडे जाणारे ट्रक सारखे धडधडतात. त्यानं बाटली हलेल, अशी मला धास्ती. रोज बाटली उचलून उजेडात बघायचो, धक्का बसू नये म्हणून खाली घातलेलं फडकं नीट करायचो.

आज ती आली. तळाशी नुसती हिरवी भुकटी.

"काका, हलवली नाही ना?"

"नाही गं."

"मग माझी कृतीच चुकली. बदलते सगळी." तिने वहीतल्या पानावर काट मारली.

तेव्हा मला काही वाटलंच नाही. बाटली धुतली, पालथी घातली. घरी येऊन जेवलो.

आता डोक्यात येतंय, तिची कृती बरोबर होती, रोज उचलून बाटली मीच हलवली. उद्या सकाळी ती नवी सुरू करेल. त्याआधी सांगायला हवं. तुम्ही कसं सांगितलं असतं?