उडणारी राणी पटली, नितळ नदी नाही

मंडळी, दोन तास झाले तरी डोकं सुन्न आहे.

आपल्या ग्रुपच्या स्पर्धेसाठी लिहिलेली जादूची कथा आज दुपारी भाचीला वाचून दाखवली. मानसी आठ वर्षांची आहे, बमरोलीत खाडीच्या काठी राहते. तिचे पप्पा, म्हणजे माझा भाऊ, कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला आहेत.

कथेत चेटकीण शाप देते आणि रातोरात नदी लालभडक होते. मी मुद्दाम घोगऱ्या आवाजात वाचलं. वाटलं, पोरगी घाबरेल.

ती म्हणाली, "मग काय? मिलमध्ये लाल माल चालू असेल. आमची खाडी काल निळी होती."

मी गारच झाले. माझा एवढा भयंकर शाप, आणि तिच्याकडे त्याचं विज्ञान तयार!

तरी नेटाने पुढे वाचलं. राणी घारीवर बसून उडते, डोंगराशी बोलते. हे सगळं मानसीला पटलं, एक प्रश्न नाही. शेवटी राणी मंत्र म्हणते, नदी नितळ होते आणि तळाचे गोटे दिसायला लागतात.

"आत्या, हे खोटं आहे! पाण्यातून खालचं कसं दिसेल? एवढी जादू नसते."

कथा आज पाठवायची आहे. तुम्हीच सांगा, शेवट ठेवू की बदलू?

मी तिला म्हटलं, "अगं, लहानपणी गावाला मी अशी नदी पाहिलीये."

तेव्हापासून ती माझ्याकडे चेटकिणीकडे बघावं तशी बघतेय.